मीठ सोसणारे बीही गोड पाणीच मागते

भोर-वेल्ह्यात मृग तोंडावर आला की भाताचे बियाणे बाहेर निघते आणि पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात पडते. कृषी खात्याची ही जुनी शिफारस आहे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे, त्यात बियाणे ओतून ढवळायचे, वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकायचे आणि तळाला बसलेले भारी बी तेवढे ठेवायचे. मग ते स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचे. ३ टक्क्यांचे हे द्रावण समुद्राच्या पाण्याहून थोडेच सौम्य. समुद्रात मीठ साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. तरी बियाण्याला काही होत नाही, कारण मिठाशी गाठ थोड्या वेळापुरती असते आणि लगेच धुणे असते. न धुता बी तसेच ठेवले तर उगवण मार खाते.

बी निवडायला मीठ चालते, रुजायला चालत नाही. बादलीपुरते हे सगळ्यांना पटलेले आहे. पण तेच बी खारवट जमिनीत टाकायची वेळ आली की आपण ‘क्षार सहन करणारे वाण’ शोधायला धावतो आणि धुण्याचा विषय मागे पडतो. क्षार सोसणारे वाण हा क्षारपड जमिनीवरचा इलाज नाही, ती फार तर मुदतवाढ आहे, असे माझे म्हणणे आहे. निसर्गातल्या सर्वांत कणखर खारवनस्पतींचे बीसुद्धा मिठात रुजण्याचा हट्ट धरत नाही. गोड पाण्याची वाट पाहते. ज्यांच्याकडून सहनशीलता उसनी घ्यायची, त्यांचेच वागणे आपण नीट पाहिलेले नाही.

भोर-वेल्ह्याचा खाऱ्या जमिनीशी संबंध काय, असे कोणी विचारील. वरवर पाहता काहीच नाही. वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, आणि भोर हे दोन्ही सह्याद्रीच्या कुशीतले, भाताचे मुलूख. घाटमाथ्यावरचा पाऊस एवढा, की काळ्या पाषाणाच्या झिजेतून सुटणारे क्षार तिथे टिकतच नाहीत, वाहून जातात. पण या दोन तालुक्यांच्या दोन्ही अंगांना मीठ आहे. पश्चिमेला वरंध घाट उतरला की महाड, सावित्रीची खाडी आणि पुढे किनाऱ्यालगतच्या खारजमिनी. तिथले मीठ समुद्राचे. पूर्वेला नीरेच्या खोऱ्यात बारामती, फलटण, इंदापूरकडे कालव्याखालच्या क्षारपड जमिनी. तिथे समुद्र नाही. तिथले मीठ वर आणले ते भोरच्या गोड पाण्याने.

हे विधान विचित्र वाटेल, म्हणून त्यामागची यंत्रणा सांगायला हवी. बेसाल्ट खडक झिजताना सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार सुटतात. जिथे पाऊस भरपूर तिथे ते नदीला मिळतात. बारामतीच्या बाजूला पाऊस वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर. तो क्षारांना खाली ढकलतो, पण जमिनीबाहेर काढू शकत नाही. ते काळ्या जमिनीच्या पोटात पडून राहतात आणि कोरडवाहू शेतीला त्यांचा त्रास होत नाही. मग कालवा येतो. पिकाला लागते त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षे मुरते, भूजल चढते आणि पृष्ठभागापासून दीड-दोन मीटरवर येऊन थांबते. तिथून पुढे माती ते स्वतःच वर ओढून घेते. उन्हाने पाणी उडून जाते, मीठ वर राहते. शेतकरी म्हणतो, जमिनीला मीठ फुटले.

त्यात कालव्याच्या पाण्याची स्वतःची भर पडते. चांगले, पिण्याजोगे पाणी घ्या, लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्षार असलेले. उसाला वर्षभरात २,००० मिलिमीटर पाणी दिले तर हेक्टरी २ कोटी लिटर होते. त्याबरोबर वर्षाला ४ टन क्षार त्या हेक्टरात उतरतात. ऊस पाणी पितो, क्षार बहुतेक सगळे मागे सोडतो. निचरा नसेल तर हा हिशेब दर वर्षी फक्त वाढत जातो.

या सगळ्याचा पहिला बळी बी असते. उभ्या पिकाला मुळे खाली सोडून थोडी कमी खारी जागा गाठता येते. बी हलू शकत नाही. ते पडते वरच्या तीन-चार सेंटिमीटरमध्ये, आणि मीठ साठते तेही नेमके तिथेच. सरी-वरंब्याच्या शेतात हे डोळ्यांनी दिसते. सरीत पाणी सोडले की ओल दोन्ही बाजूंनी वरंब्याच्या माथ्याकडे सरकते आणि मिठाला वाटेत गोळा करत नेते. चार दिवसांनी माथ्यावर पांढरी रेघ उमटते. त्या रेघेवर टोकलेले बी बहुधा जाते. तेच बी वरंब्याच्या बगलेत, पाणी पोचते त्या रेषेजवळ टोकले तर त्याच शेतात, त्याच पाण्यावर उगवते. अंतर वीतभराचेही नसते. खारवट रानात कित्येकदा ‘बियाणे बोगस निघाले’ ही तक्रार खरे तर जागा चुकल्याची असते.

बीच्या आत काय घडते? कोरडे बी आधी पाणी शोषून फुगते. आतले पाणी बाहेरच्यापेक्षा फार कमी असल्याने हे शोषण आपोआप होते. बाहेरच्या पाण्यात मीठ विरघळलेले असले की ते पाणी जणू धरून ठेवले जाते. बीला त्यातून पुरेसे ओढून घेता येत नाही. माती हाताला ओली लागते, पण बीच्या दृष्टीने दुष्काळ असतो. ही पहिली इजा. दुसरी विषाची. सोडियम आणि क्लोराइड आत शिरतात, पोटॅशियमची जागा घेतात, पेशींच्या पातळ आवरणाला गळती लावतात, साठवलेल्या पिठाची साखर करणाऱ्या विकरांना अडवतात आणि अंकुराला मिळायचे अन्न अडकून पडते. वाढ थांबवणारी आणि वाढ चालू करणारी संप्रेरके यांचा तोलही पहिल्यांच्या बाजूला झुकतो.

या दोन इजा वेगळ्या ओळखायची युक्ती अगदी साधी आहे. खाऱ्या पाण्यात न रुजलेले बी काढा, धुवा आणि गोड पाण्यात ठेवा. ते रुजले तर त्याला फक्त पाणी मिळत नव्हते. नाही रुजले तर विष भिनले होते, बी मेले होते. आपल्या बहुतेक पिकांचे बी जास्त मिठात फार काळ राहिले की दुसऱ्या गटात जाते. खारवनस्पतींचे वेगळे आहे. ओहायो विद्यापीठाचे आयर्विन उंगर आणि कराची विद्यापीठाचे मोहम्मद अजमल खान यांनी कित्येक वर्षे हेच प्रयोग वेगवेगळ्या खारवनस्पतींवर केले. त्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. यातल्या बहुतेक वनस्पतींची उगवण गोड पाण्यात सर्वांत चांगली होते आणि मीठ वाढेल तशी घटते. थोड्या जाती समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यातही काही प्रमाणात रुजतात, पण तो अपवाद आहे. बहुतेकांचे खरे बळ निराळे आहे. जास्त मिठात त्यांचे बी मरत नाही, निपचित पडून राहते आणि मीठ धुऊन गेले की रुजते.

म्हणजे ज्याला आपण सहनशीलता म्हणतो ती बीच्या अवस्थेत मुख्यतः धीर धरण्याची ताकद आहे. आपल्या खाडीकाठी वाढणारी मोरस पाहा. ही वनस्पती आणि तिचे जातभाई उन्हाळाभर मिठाने पांढऱ्या पडलेल्या जमिनीवर बी टाकतात. पावसाळा सुरू होऊन वरचे मीठ धुतले जाते, तेव्हा थोडे दिवस ती जमीन जवळजवळ गोडी होते, आणि कोंब त्या दिवसांत निघतात. पुढे ऊन वाढून मीठ परतते तोवर रोप पानांत क्षार साठवण्याइतके, मुळे खोल नेण्याइतके मोठे झालेले असते. या कुळातल्या काही वनस्पती एकाच झाडावर दोन प्रकारचे बी धरतात. एक मऊ, तपकिरी, पटकन रुजणारे. दुसरे काळे, टणक, वर्षानुवर्षे मातीत पडून राहणारे. पहिल्या पावसाने दगा दिला तर पहिला जथा जातो, दुसरा शिल्लक राहतो. काहींच्या फळावरच्या आवरणात मीठ भरलेले असते. पुरेसा पाऊस पडून ते धुतले जाईपर्यंत आतले बी जागे होत नाही. पाऊस किती पडला याचे मोजमाप त्या आवरणातच आहे.

खारफुटीने तर आणखी पुढची मजल मारली. कांदळाचे बी झाडावरच रुजते. आईच्या अंगावर असतानाच त्याचा लांब, हिरवा कोंब वाढतो आणि मग चिखलात पडतो. तिवराचे बीही फळाच्या आत रुजूनच खाली येते. मिठात वाढायला तयार असलेल्या झाडाने बीला मिठात रुजण्याची वेळच येऊ दिलेली नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. जी. व्ही. जोशी, डॉ. लीला भोसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खारफुटीच्या शरीरक्रियेचा अभ्यास मराठी मुलखात रुजवला. तो निसर्गप्रेमींपुरता राहिला, शेतीच्या धोरणात उतरला नाही. उतरला असता तर आपण वाणाकडे वेगळे प्रश्न घेऊन गेलो असतो.

कारण एकाच पिकाची सहनशीलता त्याच्या सगळ्या वयांत सारखी नसते. जमिनीची क्षारता विद्युतवाहकतेने मोजतात. एकक डेसिसायमन प्रति मीटर. माती पाण्याने संपृक्त करून काढलेल्या अर्काची वाहकता ४ च्या वर गेली की जमीन खारवट धरतात. समुद्राचे पाणी ५० च्या आसपास. मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे आजही जगभर वापरले जातात. त्यांच्या यादीत सातू ८ पर्यंत, कापूस ७.७ पर्यंत, शुगर बीट ७ पर्यंत, गहू ६ पर्यंत उत्पादन न घटता तग धरतो. भात ३, ऊस १.७, कांदा १.२. या यादीवरून बीट हे खारवट जमिनीचे पीक ठरते. पण तेच बीट रुजताना इतके नाजूक असते, की त्या वेळी क्षारता ३ च्या आत असावी लागते. सातू आणि गहूही रुजताना ४-५ च्या पुढे अडतात. भाताचे उलटे. त्याचे बी बऱ्यापैकी मिठात रुजते, पण कोवळे रोप आणि पुढे फुलोरा मिठाने होरपळतो. तेव्हा ‘हे वाण क्षार सहन करते’ हे वाक्य अर्धे आहे. कोणत्या वयात सहन करते, हे सांगितल्याशिवाय ते शेतकऱ्याच्या कामाचे नाही.

नीरेच्या खोऱ्याला हा प्रश्न नवा नाही. उलट तो इथे फार पूर्वीच अभ्यासला गेला. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरा डाव्या कालव्याचे काम हाती घेतले गेले आणि १८८५ मध्ये कालवा सुरू झाला. त्याला पाणी पुरवायला पंत सचिवांच्या भोर संस्थानाच्या मुलखात वेळवंडी नदीवर भाटघरचे पहिले धरण झाले. पुढे १९२० च्या दशकात त्याजागी लॉईड धरण उभे राहिले आणि नीरा उजवा कालवा आला. दरम्यान १९१० मध्येच पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारजमिनींवर मुंबई इलाख्याच्या शेती खात्याची ३९ वी पत्रिका लिहिली. कालवा वाहू लागून अवघी २५ वर्षे झाली होती आणि जमीन बिघडल्याचा अहवाल छापून आला होता.

१९१६ मध्ये सरकारने पाटबंधाऱ्यांचा एक खास विभाग काढला. कालव्याखालचे पाणी, पीक आणि निचरा यांचे प्रश्न पाहणे हे त्याचे काम. आज खडकवासल्याला ज्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात देशभरच्या बंदरांचे आणि धरणांचे नमुने तपासले जातात, ते केंद्र मूळ या विभागातून वाढले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात असताना त्यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत मांडली होती. ठरलेल्या गटात उसाला ठराविक हिस्साच द्यायचा, बाकी रानात हंगामी पिके घ्यायची. पाणी अधिक गावांना पोचावे हा तिचा हेतू होता, आणि सगळे रान बारमाही भिजत राहू नये हा तिचा फायदा. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी निदान झाले होते, उपायही कागदावर होता. पुढे साखर कारखाने आले, ऊस वाढला आणि हिस्से मोजणे बंद पडले.

इथे दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. भूमिगत निचऱ्याला एकरी मोठा खर्च येतो. एकट्याने करून भागत नाही. छिद्रांच्या नळ्या आपल्या रानात पुरल्या तरी ते पाणी ओढ्याला नेऊन सोडायला खालच्या दहा जणांच्या रानांतून वाट लागते. दोन एकरांचा शेतकरी ती वाट कधी काढणार? वाण मात्र उद्या दुकानातून आणता येते. कर्नालच्या क्षारता संशोधनाच्या केंद्रीय संस्थेने खारवट आणि चोपण जमिनींसाठी भाताचे आणि गव्हाचे वाण दिले. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा फुले २६५ हा वाण क्षारपड रानात इतरांपेक्षा चांगला येतो, म्हणून शेतकऱ्यांनी उचलला. २००९ मध्ये बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था सुरू झाली, तीही याच खोऱ्यात. या कामाने हजारो घरांच्या चुली पेटत्या राहिल्या आहेत. ते कमी लेखण्याचा इथे हेतू नाही.

आक्षेप आहे तो वाण कशासाठी वापरले जाते यावर. ऊस बियाने लावत नाहीत, टिपरीने किंवा एक डोळ्याच्या रोपाने लावतात. टिपरीत अन्न आणि ओलावा दोन्ही साठवलेले असतात, त्यामुळे डोळा फुटायला मातीकडे फारसे मागावे लागत नाही. रोपवाटिकेत कोकोपीटमध्ये वाढवलेले रोप तर सर्वांत नाजूक दिवस गोड्या पाण्यावर काढून मगच रानात येते. तंत्र म्हणून हे उत्तम. कांदळाने केले तेच आहे. पण याचा दुसरा परिणाम होतो. हरभरा किंवा कांद्याचे बी टाकणाऱ्याला रान बिघडल्याचे पहिल्याच वर्षी ठिकठिकाणी उगवण फसल्यावरून कळले असते. रोप लावणाऱ्याला ते बऱ्याच उशिरा, एकरी टन घसरू लागल्यावर कळते. तोवर भूजल चढलेले असते, खारवट जमीन चोपण होऊ लागलेली असते, आणि चोपण जमीन ही वेगळीच डोकेदुखी. सोडियममुळे तिचे कण विस्कटतात, पाऊस पडून गेला की वर कडक पापडी धरते, आणि आत रुजलेले बीसुद्धा ती पापडी फोडून वर येऊ शकत नाही. ती सुधारायला जिप्सम लागते, आणि जिप्समने सुटलेले सोडियम बाहेर न्यायला पुन्हा निचराच लागतो.

न रुजलेले बी ही जमिनीची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकरची सूचना आहे. कणखर वाण आणि तयार रोप यांनी ती सूचना बंद पाडली, आणि तिच्या जागी दुसरी व्यवस्था आपण बसवली नाही. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यात विद्युतवाहकतेचा रकाना आहे. पण नमुना वरच्या १५ सेंटिमीटरच्या थराचा, आणि बागायती भागात अडीच हेक्टरांच्या चौकोनातून एक. बी असते तीन सेंटिमीटरवर. प्रयोगशाळेत वाहकता मोजतात ती बहुधा माती-पाण्याच्या पातळ मिश्रणात. तो आकडा संपृक्त अर्काच्या आकड्यापेक्षा कितीतरी लहान येतो. तो पिकाच्या सहनशीलतेच्या यादीशी थेट ताडला तर बिघडलेली जमीनही चांगली दिसते.

घाटाखालच्या खारजमिनींचा क्रम पाहिला की आपली चूक स्पष्ट होते. कोकणातला शेतकरी पिढ्यान् पिढ्या काळा राता, भुरा राता यांसारखे खारे भात पेरत आला. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने त्यातून पुढे सुधारित वाण काढले. पण तो शेतकरी नुसत्या वाणावर कधीच विसंबला नाही. आधी समुद्राचे पाणी आत येऊ नये म्हणून बांध. बांधाला उघाडी, ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला बंद होणारी. मग पावसाला रान धुऊ द्यायचे. मग भात, आणि तेही कित्येक ठिकाणी रहू करून, म्हणजे घरी गोड्या पाण्यात मोड आणून चिखलात फोकायचे. १९४८ च्या आणि नंतर १९७९ च्या खारभूमी कायद्यांनी बांध-उघाड्यांची जबाबदारी सार्वजनिक मानली. वाण शेवटी येते. नीरेच्या काठी आपण पाणी आधी आणले, वाण नंतर आणले आणि निचरा ज्याचा त्याने बघावा म्हणून सोडून दिला. कोकणात बांध फुटला की गाव धावते. इथे चारी बुजली तर कोणी विचारत नाही.

निचरा सामुदायिक रीतीने होऊ शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी गट करून भूमिगत निचऱ्याच्या नळ्या टाकल्या आणि पडीक पडलेली राने पुन्हा पिकाखाली आणली. सांगलीकडे कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने या कामाला शास्त्राचे पाठबळ दिले. ज्या कारखान्याला ऊस हवा त्याने निचऱ्याची वाट काढून द्यावी, हा व्यवहार तिथे जमला. नीरेवर तो न जमण्याचे कारण नाही.

आणि आता भोर-वेल्ह्याकडे परत येऊ या, कारण हा प्रश्न पाण्याच्या उगमाशीही जोडलेला आहे. नीरा खोऱ्यातल्या चार धरणांत मिळून सुमारे ४८ टीएमसी पाणी मावते. भाटघरचे साडेतेवीस आणि नीरा देवघरचे पावणेबारा टीएमसी भोर तालुक्यात, गुंजवणीचे ३.७ वेल्ह्यात, चौथे वीर खाली नीरेवर. पानशेत आणि वरसगावही वेल्ह्यातच. त्यांचे पाणी खडकवासल्यातून पुणे शहराला आणि मुठा कालव्याने दौंड-इंदापूरकडे. या पाण्यासाठी इथली भातखाचरे आणि गावठाणे बुडाली. त्याच डोंगरातल्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. खाली तेच पाणी गरजेपेक्षा जास्त देऊन जमीन बिघडवायची, हे पाणी देणाऱ्यांवरही अन्यायाचे आहे. वाया गेलेले पाणी एकदाच वाया जाते. जमीन खारवणारे पाणी स्वतः जाते आणि जमीन घेऊन जाते.

नीरा देवघरच्या पाण्यावरून डाव्या आणि उजव्या कालव्याच्या लोकांत केवढे राजकारण झाले! २०१९ मध्ये एक निर्णय झाला, पुढे तो बदलला. सगळा वाद पाणी कुणाला किती याचा. त्या पाण्याने किती राने पडली आणि ती कोणी सुधारायची, याचा वाद कोणी घातला नाही. गुंजवणीचे पाणी वेल्हे, भोर आणि पुरंदरला बंद नळातून द्यायचे ठरले आहे. नळामुळे कालव्याची गळती टळेल, हे चांगलेच. पण रानात पोचल्यावर ते पाणी कसे दिले जाणार, हे नळ ठरवत नाही. ठिबकही जादूची कांडी नव्हे. ओल्या वर्तुळाच्या कडेला मीठ साठतच राहते, आणि ते धुवायला पावसाबरोबर खाली वाट असावी लागते.

तेव्हा काही गोष्टी मागितल्या पाहिजेत. क्षारपड पट्ट्यात पेरणीच्या तोंडावर वरच्या पाच सेंटिमीटरची माती वेगळी तपासली जावी आणि संपृक्त अर्काचा आकडा पत्रिकेवर छापला जावा. क्षार सहन करणारे म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वाणाच्या पिशवीवर रुजताना किती आणि वाढल्यावर किती, असे दोन आकडे वेगळे असावेत. कालव्याखालच्या प्रत्येक गावात दर वर्षी भूजलाची पातळी मोजून ग्रामसभेत वाचून दाखवावी. ती दोन मीटरच्या वर आली की त्या गावाला निचरा हा पाण्याइतकाच हक्क म्हणून मिळावा, आणि त्याचा खर्च पाणीपट्टीच्या व कारखान्याच्या हिशेबात धरला जावा. नव्या योजनेत निचऱ्याचा आराखडा मंजूर झाल्याशिवाय पाणी सोडू नये. आणि शेतकऱ्याने स्वतःसाठी एक करावे. ज्या रानाची शंका येते त्याच्या चार कोपऱ्यांत हरभऱ्याचे मूठभर बी टाकून पाहावे. बाजारातल्या कोणत्याही यंत्राआधी ते बी सांगेल.

क्षार सोसणारे वाण जरूर वापरावे, पण जमीन सुधारत असताना. जमीन सुधारायची नाही म्हणून नव्हे. आधी निचरा, मग मोजून पाणी, शेवटी वाण. हा क्रम डॉ. मान यांच्या पत्रिकेपासून आज शंभरावर वर्षे आपल्याला उपलब्ध आहे. भोरच्या पाण्यावर ज्यांची शेती उभी आहे, त्यांनी तो आता पाळावा.